व्यायाम फळतो आहे हे ओळखावे कसे?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नागपुरात पहाटे फिरायला निघा. फुटाळ्याचा काठ, अंबाझरी तलावाचा परिसर, सेमिनरी हिल्सचा चढ, कुठेही जा, कानटोप्या घातलेल्या माणसांची रीघ दिसेल. त्यात शाळकरी मुलेही पुष्कळ असतात. कोणी नवे बूट घेतलेले, कोणी मामाची जुनी शिट्टी गळ्यात अडकवलेली. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत ही गर्दी ओसरू लागते आणि होळीच्या सुमारास पाहावे तर नेहमीची वयस्क मंडळी तेवढी उरलेली असतात.

ज्यांनी मधेच सोडले त्यांना कारण विचारा. आधी ‘वेळ मिळत नाही’ असे उत्तर येते. थोडे खोदून विचारले की खरी गोष्ट बाहेर पडते : ‘महिनाभर पळालो, पण काही फरकच पडला नाही.’

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे वाक्य तसेच सोडून देऊ नये. फरक पडला नाही, की पडलेला फरक दिसला नाही? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. शरीरात होणारा बदल सावकाश होतो. त्याउलट शरीराची रोजची मोजमापे वर-खाली हिंदकळत असतात. या हिंदकळण्यात तो लहानसा बदल लपून जातो आणि मुलगा निराश होऊन घरी बसतो. त्याचे नुकसान व्यायामाने केले नाही, चुकीच्या मोजणीने केले.

वजनकाट्याचा चकवा

सगळ्यात जास्त फसवणारे माप म्हणजे वजन. रेल्वे स्थानकावर नाणे टाकले की तिकीट देणारे रंगीत दिव्यांचे वजनकाटे असत. तिकिटाच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य! व्यायामाच्या बाबतीत त्या दोन्ही बाजू सारख्याच भरवशाच्या, असे म्हणायला हरकत नाही.

इटलीतील पाडुआ येथे सांतोरियो नावाचे एक वैद्य चारशे वर्षांपूर्वी होऊन गेले. त्यांनी एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि त्या खुर्चीत बसून ते स्वतःचे, खाल्लेल्या अन्नाचे आणि मलमूत्राचे वजन करीत राहिले. हा उद्योग त्यांनी सुमारे तीस वर्षे चालवला. १६१४ साली त्यांनी आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे, की दिवसाला आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले तर त्यातले पाच पौंड त्वचेवाटे व श्वासावाटे नकळत निघून जातात. आकडा माणसागणिक आणि हवेगणिक बदलेल, पण मुख्य मुद्दा पक्का आहे. आपले वजन दिवसभर सारखे बदलत असते आणि त्या बदलात बहुतेक वाटा पाण्याचा असतो.

आता थोडे गणित करू. पळताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोग्रॅममागे, ढोबळमानाने एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ५० किलो वजनाचा मुलगा रोज ३ किलोमीटर पळाला तर १५० किलोकॅलरी खर्च झाल्या. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. ७,७०० ला १५० ने भागा. उत्तर येते ५१. म्हणजे खाण्यात तिळभरही वाढ झाली नाही असे धरले, तरी एक किलो चरबी कमी व्हायला जवळजवळ दोन महिने लागतील. इकडे पाणी पिणे, घाम येणे, जेवणे यांमुळे सकाळ-संध्याकाळच्या वजनात एका किलोचा फरक सहज पडतो. पळून परतताना कोपऱ्यावर तर्री-पोहे खाल्ले तर हिशेब तिथेच उलटला, हे वेगळे सांगायला नको.

तुमच्या वयात तर आणखी एक गोष्ट आहे. नववी-दहावीतील मुलामुलींचे वजन वाढायलाच हवे, कारण उंची, हाडे आणि स्नायू वाढत असतात. जोमाने वाढणाऱ्या वर्षात उंची सात-आठ सेंटिमीटरने वाढू शकते. अशा वेळी काट्याकडे पाहून जेवण कमी करणे हा शुद्ध वेडेपणा होय. शालेय विद्यार्थ्यांनी आपली प्रगती वजनावर मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाडी आणि लंबक

मग मोजायचे काय? हृदयाचे काम मोजावे. तेही घरच्या घरी, पैसा खर्च न करता.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. मिनिटाला ७० ठोके पडत असतील तर दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. नियमित धावण्या-पोहण्याने हृदयाच्या कप्प्यांत अधिक रक्त मावू लागते आणि त्याचे आकुंचन अधिक जोरकस होते. एका ठोक्याला १०० मिलिलिटर रक्त जाऊ लागले, की तेच ५ लिटर ५० ठोक्यांत पुरे होतात. कसलेल्या धावपटूंची नाडी मंद चालते ती यामुळे. तुमची नाडी काही आठवड्यांत ५० वर येणार नाही. दोन-चार ठोक्यांचा फरक पडला तरी तो खरा लाभ आहे.

नाडी मोजायलाही सांतोरियोंनीच एक गमतीचे साधन तयार केले होते. एक लंबक घ्यायचा आणि त्याची झुलण्याची गती नाडीच्या ठोक्यांशी जुळेपर्यंत दोरी लांब-आखूड करायची. दोरीची लांबी हेच नाडीचे माप! तुम्ही हे करून पाहा. मजबूत दोऱ्याला लहानसे कुलूप बांधा. लांबी मोजायची ती टांगलेल्या टोकापासून कुलपाच्या मध्यापर्यंत. कुलूप एकदा जाऊन परत आले म्हणजे एक ठोका असे धरा. मिनिटाला ६० ठोके असतील तर लांबी सुमारे २५ सेंटिमीटर येईल, ७२ असतील तर १७ सेंटिमीटर. १२० ठोक्यांना मात्र जेमतेम सव्वासहा सेंटिमीटर. ठोके दुप्पट झाले की लांबी निम्मी न होता चौथाई का होते, हे तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील लंबकाच्या सूत्रावरून शोधून काढा.

रोजच्या नोंदीला अर्थात घड्याळ बरे. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला दोन बोटे ठेवून ठोके मोजा. अंगठ्याने मोजू नका, कारण अंगठ्यातही ठोका जाणवतो आणि घोटाळा होतो. पुरते एक मिनिट मोजा. दहा सेकंद मोजून सहाने गुणले तर एका ठोक्याची चूक सहा ठोक्यांची होते.

समजा, एका मुलीने पाच सकाळी मोजलेले ठोके असे आले : ७२, ६८, ७५, ७०, ७३. सहा आठवडे दोरीवरच्या उड्या मारल्यावर पुन्हा पाच सकाळी मोजले, ते ७०, ६६, ७१, ६७, ६९ असे निघाले. आता तिने पहिल्या खेपेचा दुसरा दिवस (६८) आणि नंतरच्या खेपेचा पहिला दिवस (७०) एवढेच पाहिले असते, तर ‘नाडी वाढली, व्यायाम वाया गेला’ असे ती म्हणाली असती. सरासरी काढा. पहिली ७१.६, दुसरी ६८.६. तीन ठोक्यांनी नाडी उतरली आहे. एकट्यादुकट्या दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, तो का, हे यावरून ध्यानात येईल. आदल्या रात्रीचे जागरण, सर्दी, परीक्षेची भीती यांपैकी काहीही त्या दिवशीची नाडी वर ढकलू शकते.

ओट्याची चाचणी

विश्रांतीतील नाडीपेक्षा अधिक बोलके माप म्हणजे ठरावीक श्रमानंतरची नाडी. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या श्रम-प्रयोगशाळेत लुसियन ब्रूहा यांनी १९४३ साली तरुणांसाठी अशी एक चाचणी प्रसिद्ध केली. २० इंच उंच बाकावर मिनिटाला ३० वेळा चढणे-उतरणे, तेही पाच मिनिटे. ती धडधाकट तरुणांचीही दमछाक करते, शाळेत तिचा हट्ट नको. पुढे प्रचारात आलेला तिचा सौम्य प्रकार आपल्याला पुरे.

३० सेंटिमीटर उंचीचा पक्का ओटा किंवा न डगमगणारे लाकडी खोके घ्या. उजवा पाय वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली, अशी एक फेरी. मिनिटाला २४ फेऱ्या, एकूण तीन मिनिटे. ताल कसा राखायचा? पुन्हा कुलपाचा लंबक आणा. दोरी ३९ सेंटिमीटर ठेवली की तो मिनिटाला ९६ वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. दर झोक्याला एक पाऊल टाकले म्हणजे २४ फेऱ्या बरोबर होतात. झोका लहान होत गेला तरी ताल फारसा बदलत नाही, हा लंबकाचा गुण इथे कामी येतो. तीन मिनिटे होताच खाली बसा आणि लगेच पुरते एक मिनिट नाडी मोजा. तोच ओटा, तीच वेळ, शेवटच्या जेवणानंतर तेवढेच तास, हे सगळे दर खेपेस सारखे ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा चाचणी घेतली की भागते.

चाचणीत किंवा पळताना छातीत दुखले, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबावे आणि मोठ्यांना सांगावे. ज्यांना दमा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज चाचणी देऊ नये. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार बऱ्याच कुटुंबांत आढळतो. असा विकार असलेल्यांना अतिश्रमाने आणि शरीरातील पाणी कमी झाल्याने तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांच्या व्यायामाचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवले पाहिजे आणि पाण्याची बाटली सतत जवळ हवी.

शिक्षकांना इथे एक विनंती आहे. वर्गात एखादी मुलगी अशी असते, की ती पहिल्याच मिनिटात धापा टाकते. मैदानावर सगळ्यांच्या मागे राहते म्हणून तिला ‘आळशी’ हे विशेषण चिकटलेले असते. कष्ट करूनही तिची ओट्यानंतरची नाडी इतरांपेक्षा खूप वर राहत असेल, तर तिला बोलण्यापूर्वी तिच्या रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. प्राणवायू वाहून नेणारा हा पदार्थ कमी असला, की हृदयाला तीच कामगिरी अधिक ठोक्यांनी भरून काढावी लागते. किशोरवयीन मुलींमध्ये हे सर्रास आढळते आणि सरकारी रुग्णालयात त्याची तपासणी होते. दोष रक्तात असताना शिक्षा स्वभावाला होऊ नये.

नागपूरचा उन्हाळा आणि उलटा आलेख

आता खास आपल्या गावची अडचण. पुढची वही मी रचलेली आहे, पण अशी वही नागपुरात कोणत्याही मोहल्ल्यात सापडेल. मुलगा नववीतला. रोज सकाळी सहाला मैदानावर जातो आणि १६०० मीटर पळण्याची वेळ लिहितो. हेच अंतर का? कारण पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना ते पळावे लागते आणि थोरल्या भावाची तयारी चाललेली आहे. दर महिन्याला तीन सकाळची सरासरी :

जानेवारी – ८ मिनिटे ४० सेकंद
फेब्रुवारी – ८ मिनिटे १५ सेकंद
मार्च – ८ मिनिटे ५ सेकंद
एप्रिल – ८ मिनिटे १५ सेकंद
मे – ८ मिनिटे २५ सेकंद

मार्चपर्यंत स्वारी खूश. एप्रिलमध्ये कपाळाला आठी. मे महिन्यात ‘इतके पळूनही मी मागे चाललो’ म्हणून वही माळ्यावर! वहीत एक रकाना कमी होता, तपमानाचा. नागपुरात जानेवारीच्या पहाटे पारा १२-१३ अंश सेल्सियसवर असतो, तर मे महिन्यात पहाटेसुद्धा तो २८ च्या आसपास रेंगाळतो. दुपारी तो ४५ पर्यंत जातो ते निराळेच.

उष्णतेने वेळ का वाढते? स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते. म्हणजे त्याच रक्ताचे दोन गिऱ्हाईक झाले, पाय आणि कातडी. घामामुळे रक्तातील पाणीही घटते. हृदयाला मग तेवढ्याच वेगासाठी अधिक ठोके मारावे लागतात आणि पाय लवकर थकतात. यात मुलाच्या क्षमतेचा दोष काहीच नाही.

हाच मुलगा पळत राहिला असता आणि जुलैत, पहिले पाऊस होऊन गेल्यावर, सकाळी २५ अंश असताना त्याने ७ मिनिटे ५५ सेकंद वेळ नोंदवली असती, तर तुलना कशाशी करायची? मार्चशी नव्हे, मे महिन्याशीही नव्हे. एप्रिलशी, कारण तेव्हाही पहाटे तितकेच तपमान होते. एप्रिलचे ८.१५ आणि जुलैचे ७.५५, म्हणजे वीस सेकंदांची खरी कमाई. जुलैतील दमट हवा लक्षात घेतली तर ती थोडी अधिकच धरावी लागेल. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून जाते, पण वाफ झाली तरच. दमट हवेत घाम नुसता ठिबकतो आणि अंग थंड होत नाही. मे महिन्यात नेमके उलट घडते. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याबरोबर उडून जातो, सदरा कोरडाच राहतो आणि आपल्या अंगातून किती पाणी गेले याचा पत्ता लागत नाही. कोरडा सदरा पाहून ‘आज घाम आलाच नाही’ असे समजणे धोक्याचे आहे. तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे आणि उन्हाळ्यात सात वाजायच्या आत व्यायाम उरकावा. डोके गरगरणे, बडबड असंबद्ध होणे, अंग तापलेले असणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा मुलाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

शरीर उष्णतेला सरावतेही. आठवडा-दोन आठवडे हलका व्यायाम चालू ठेवला की रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातील मीठ कमी होते. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीस वेग उतरवावा, पण नेम मोडू नये.

जोर, बैठका आणि नेम

ताकदीच्या व्यायामाची मोजणी तालमीत पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. जोर किती आणि बैठका किती, हेच तिथले माप. विदर्भात ही परंपरा जुनी आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. जोर मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आकडा भराभर वाढतो, पण दंडाचा घेर तसाच राहतो. याचे कारण, आधी शिकतात त्या मज्जातंतू. असलेल्या स्नायूंतील अधिकाधिक तंतू एकाच वेळी कामाला लावणे त्यांना जमू लागते. स्नायू जाड होणे नंतरच्या आठवड्यांत सुरू होते आणि मग आकडा सावकाश चढतो. हा सावकाशपणा आला की पुष्कळजण तालीम सोडतात. वस्तुतः खरी बांधणी त्याच वेळी चालू झालेली असते.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस दिवसांची दंतकथा फार पसरली आहे. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात एखादी कृती आपसूक होऊ लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असे दिसले. एखादा दिवस चुकल्याने सवयीचे फारसे नुकसान होत नाही, हेही आढळले. रोज दहा हजार पावले चालण्याचा नियमही असाच तपासून घ्यावा. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता. आकडा तिथून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वयोगटासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सुचवली आहे. शाळेत सायकलने जाणे, आट्यापाट्या, कबड्डी, घरची पाण्याची बादली जिन्याने वर नेणे हे सारे त्यात धरता येते. नेम बसवायचा तर तो रोज ठरलेल्या एखाद्या कामाला जोडावा. दात घासले की दोरी हातात घ्यायची, इतके सोपे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

वर म्हटल्याप्रमाणे तुम्ही वाढत्या वयाचे आहात. व्यायाम केला नाही तरी वर्षभरात तुमचे पाय लांब होतील, नाडी थोडी उतरेल. शिवाय ओट्याची चाचणी दोन-तीनदा दिली की ती नुसत्या सरावानेच सोपी वाटू लागते. मग व्यायामाने काय झाले आणि वयाने काय झाले, हे वेगळे कसे काढायचे?

ज्यांना डॉक्टरांची हरकत नाही अशा विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा. मित्रामित्रांचे गट नकोत, कारण सगळे खेळाडू एकीकडे जमतील. दोन्ही गटांची ओट्याची चाचणी एका आठवड्यात तीनदा घ्या. पहिली नोंद सरावाची म्हणून टाकून द्या आणि उरलेल्या दोहोंची सरासरी लिहा. पुढचे आठ आठवडे एका गटाने आठवड्यातून पाच दिवस वीस मिनिटे दोरीवरच्या उड्या माराव्यात किंवा पळावे. दुसऱ्याने आपला नेहमीचाच क्रम ठेवावा. शेवटी पुन्हा तशाच तीन चाचण्या घ्या. वयाचा आणि सरावाचा परिणाम दोन्ही गटांत दिसेल. दोहोंच्या सुधारणेत जो फरक उरेल तो व्यायामाचा. वर्ग लहान असेल तर तोही योगायोगाने येऊ शकतो, म्हणून दुसऱ्या तुकडीतही तोच प्रयोग करून आकडे ताडून पाहावेत.

नाडी मोजणाऱ्या मुलाला समोरचा कोणत्या गटातला आहे हे कळता कामा नये, नाहीतर आपल्या मित्राचे दोन ठोके कमी मोजण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. प्रयोग फेब्रुवारीत सुरू करू नये, एप्रिलच्या उन्हात त्याची खिचडी होईल. दिवाळीच्या सुटीनंतर लगेच आरंभ केला तर आठ आठवडे थंडीत निघतात. जानेवारीत गट बदलून घ्यावेत, म्हणजे आधी नुसते पाहत बसलेल्यांनाही दोरी मिळेल.